निळ्या छपरावर बसला तेव्हा

सिरील डालेमान्स आमचा शेजारी. शेजारी म्हणजे मधे कमरेएवढी भिंत, ती माझ्या बापानं रचलेली आणि खरं सांगायचं तर थोडी वाकडीच. त्या भिंतीवर कोपरं टेकून मी सिरीलकाकाचं अर्धं आयुष्य बघितलं. त्यामुळे त्याच्याविषयी चार पानं लिहिली तर कोणाची हरकत नसावी. हरकत घेणारे बहुतेक आता हयातही नाहीत.

माणूस उंच, खांदे पडलेले, आणि चालायचा असा की पायाखाली कोणी झोपलंय. कबुतरवाल्यांची चाल ती. नेटे नदीच्या काठच्या आमच्या गावात ज्याच्या माळ्यावर कबुतरखाना नाही तो माणूस एकतर परगावचा किंवा देशोधडीला लागलेला. रविवारी सकाळी प्रार्थना, मग सेलेस्टीनबाईच्या दारूगुत्त्यात एक काळी बिअर, आणि मग सगळे पुरुष आपापल्या परसात माना वर करून उभे. शर्यतीसाठी लांब सोडलेली कबुतरं घरी यायची ती वेळ.

आता यातली मेख अशी, की कबुतर गावावर येऊन उपयोग नाही. ते खुराड्यात शिरलं पाहिजे. मगच त्याच्या पायातलं रबरी कडं काढून वेळ नोंदवणाऱ्या घड्याळात टाकायचं. बऱ्याचदा काय होतं, पाखरू वाऱ्यासारखं येतं आणि छपरावर बसतं. खाली कोणी अनोळखी दिसलं, दोरीवर चादर फडफडली, कुत्रं भुंकलं, की बसलंच. मालक खाली वाटाण्याचा डबा खुळखुळवतोय आणि ते वर पिसं साफ करतंय. म्हणून आमच्या गल्लीचा नियम होता: पाखरं यायच्या वेळी दोरीवर कपडे नाहीत, पोरं घरात, कुत्रं घरात, आणि कोणाच्या परसाच्या फाटकाशी तुम्ही आलात आणि आतल्या माणसानं हात वर केला, की जिथं आहात तिथं खांब व्हायचं. बोलायचं नाही. खोकायचं नाही.

सिरीलकाकाचा हात तर गावात प्रसिद्ध होता. एकदा आमचे पाद्रीबाबा मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्या वुटर्सला शेवटचं तेल लावायला निघाले होते. जवळची वाट सिरीलकाकाच्या परसातून. फाटक ढकलतात तर आत हात वर. पाद्रीबाबा स्वतः कबुतरवाले, थांबले. तेलाची कुपी छातीशी धरून चांगला बराच वेळ उभे राहिले. पाखरू शिरेपर्यंत वुटर्सला घाम फुटला, ताप उतरला आणि त्यानं सूप मागितलं. पुढं तो म्हातारा बरीच वर्षं जगला आणि दर नाताळला सिरीलकाकाला एक ससा पाठवायचा.

पण याच हाताची दुसरी गोष्ट आहे, ती माझ्या आईनं सांगितलेली. मी तेव्हा पलटणीत होतो.

लढाईचं ते पहिलं साल, चौदाचं. अँटवर्पच्या किल्ल्यांवर तोफा पडायला लागल्या आणि अख्खा मुलूख हॉलंडच्या सरहद्दीकडे चालायला लागला. आमच्या आईनं आणि सिरीलकाकाच्या बायकोनं, मेलनीकाकूनं, मिळून एक हातगाडी भरली. गाद्या, भिंतीवरचं घड्याळ, डुकराची खारवलेली एक अख्खी मांडी. काका-काकूची मुलगी इर्मा, तेरा-चौदा वर्षांची, दांडीला धरून उभी. आणि तोफांच्या आवाजानं सिरीलकाकाची कबुतरं उधळलेली. अर्धी आत, अर्धी वर घिरट्या घालतायत. काका परसात डबा घेऊन उभा. मेलनीकाकू फाटकाशी आली, म्हणाली, "अहो, चला." काकानं मागं न बघता हात वर केला.

ती थांबली. आई म्हणायची, गल्ली आमच्या डोळ्यांदेखत रिकामी झाली, शेवटी वेड्या मार्टाची शेळीसुद्धा गेली, आणि आम्ही त्या हाताकडं बघत उभ्या. मग मेलनीकाकूच म्हणाली, "चला आपण. येतील हे मागून."

तो येणारच होता. पाखरं आत घेऊन, दाणापाणी करून, पहाटे निघणार होता. पहाटेपर्यंत पूल उडाला होता आणि गावात जर्मन होते. पुढं त्यांनी सरहद्दीला विजेची तार ओढली, आणि काका राहिला तो राहिलाच. मेलनीकाकू आणि इर्मा हॉलंडातून इंग्लंडला गेल्या. लढाईच्या शेवटच्या शरदात मेलनीकाकू तिकडेच तापानं गेली. इर्मा एका मोठ्या घरी कपडे धुवायच्या, इस्त्री करायच्या कामाला राहिली. परत आली नाही.

आणि ज्यांच्यासाठी राहिला त्या कबुतरांचं काय झालं म्हणाल, तर जर्मनांनी हुकूम काढला. कबुतर म्हणजे निरोप्या, निरोप्या म्हणजे हेर. दोन शिपाई पोतं घेऊन आले. त्यातला एक थोराड होता, तो पाखरू उचलायचा ते तळव्यावर छाती, बोटांत पाय, अंगठा पंखांवर असं. म्हणजे घरी कबुतरं पाळणारा. सिरीलकाका मला पुढं म्हणाला, "कामील, मान पिरगळली त्याचं मी सोसलं. पण धरलं किती नीट रे त्यानं."

एकच वाचलं. त्या वसंतातलं पिल्लू होतं, निळसर राखाडी. कोळशाच्या कोठीत खोक्यांची भिंत करून काकानं त्याला मागं ठेवलं, चार वर्षं. नाव निळ्या. लढाई संपून मी घरी आलो तेव्हा शेजारचा माणूस कोळशाच्या कोठीशी बोलताना ऐकला आणि आईला विचारलं, "याचं डोकं फिरलं का?" आई म्हणाली, "नाही रे, चार वर्षांत त्याला बोलायला तेवढंच आहे."

मग आलं विसाचं साल. अँटवर्पला साऱ्या जगाचे खेळ ठरले. ऑलिंपिक. अर्धं शहर अजून डागडुजीत, पावाला अजून रांग, आणि यांनी जगाला पाहुणं बोलावलं. मी गवंडी, त्यामुळे मला बरंच. स्टेडियमच्या भिंतीत माझ्या हातच्या विटा आहेत, सरळ आहेत, बापासारख्या नाहीत. धावपट्टीवर पाऊस पडला की तिची खीर व्हायची. पोहायच्या शर्यती शहराच्या जुन्या खंदकात. पाणी असं काळं आणि गार, की दुपारी जेवायला बसलो असताना आम्ही सरावाला आलेला एक पोहणारा बघितला, त्याचे ओठ जांभळे, चौघे मिळून त्याला घोड्यासारखं खरारा करतायत. आमचा मुकादम म्हणाला, "लढाईतून वाचलं ते पोरगं आता खेळात मरतंय." परदेशातून आलेले हे धट्टेकट्टे गडी शाळांमधे लोखंडी खाटांवर झोपायचे, आणि आम्ही त्यांच्याकडं बघायचो ते त्यांच्या पळण्यासाठी नाही, तर दोन्ही हात दोन्ही पाय जागच्या जागी असलेली एवढी तरणी माणसं आम्ही बऱ्याच दिवसांत एका जागी बघितली नव्हती म्हणून.

उद्घाटनाला शांततेची कबुतरं सोडायची असं ठरलं, आणि गावोगावच्या मंडळांना सांगावा आला. आमच्या मंडळाचा अध्यक्ष केरेमान्स बेकरीवाला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यानं गुत्त्यात टोपली ठेवली आणि म्हणाला, "ज्याला जे जमेल ते द्या." एकेकानं दोन, तीन, नवी पैदास होती ती दिली. सिरीलकाका कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, "माझा निळ्या लिहा."

केरेमान्स म्हणाला, "अरे सिरील, तो कोळशात वाढलेला. शेताच्या बांधावरून उडून येतो तेवढं ठीक. अँटवर्पहून? त्याला घर म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे."

"खुराड्यात मादी नाही, पिल्लू नाही. आपण नराला आठवडाभर मादीपासून तोडतो आणि शर्यतीआधी घटकाभर दाखवतो, तेव्हा कुठं तो जिवाच्या आकांतानं उडतो. तुझा निळ्या कोणासाठी येईल?"

"मी आहे ना," काका म्हणाला.

सेलेस्टीनबाई पेले पुसता पुसता म्हणाली, "मग नक्की नाही येत." सगळे हसले. काकाही थोडा हसला.

खरं कारण मला भिंतीवरून कळलं. इर्माचं कार्ड आलं होतं. ती ज्यांच्याकडं कामाला होती ते कुटुंब खेळ बघायला अँटवर्पला येणार होतं आणि तिला सोबत आणणार होतं. उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळच्या ट्रामनं गावी येऊन भेटून जाईन, एवढंच लिहिलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"त्याच दिवशी निळ्याला कशाला पाठवता काका?" मी विचारलं. "राहू दे की घरी."

तो भिंतीवरचं शेवाळ नखानं काढत राहिला. "पाखरं दुपारी सुटतील. तासाभराच्या आत तो इथं. ती संध्याकाळी येईल तेव्हा तो आत बसलेला असेल. मी म्हणेन, बघ पोरी, हा. याच्यासाठी राहिलो होतो. गेला आणि आला परत." मग म्हणाला, "नाहीतर मी तिला काय दाखवू, कामील? पोतं?"



त्या शनिवारी सकाळी काकानं दाढी केली. घर धुतलं. मेलनीकाकूचा निळा टेबलक्लॉथ काढला, त्यावर मनुक्यांचा पाव, लोणी, दोन कप. मग तिसरा ठेवला आणि परत उचलला. हे सगळं मला खिडकीतून दिसत होतं. मी म्हणजे काही डोकावणारा माणूस नाही, पण खिडकी तिथंच आहे त्याला कोण काय करणार.

उद्घाटनाला मी गेलो नाही. ज्या भिंती मी रचल्या त्या मी बघितलेल्या होत्या. निळ्या येतो का, हे बघायचं होतं. गल्लीतल्या सगळ्यांनाच बघायचं होतं, कबूल कोणी केलं नाही. पण दुपारी एकेक बाई बाहेर आली आणि मुकाट्यानं दोरीवरचे कपडे काढून घेऊन गेली. शर्यत नव्हती, घड्याळ नव्हतं, तरी गल्ली चर्चसारखी झाली.

पहिल्यांदा केरेमान्सची आली, झपकन आत. मग दोन-चार इकडं तिकडं. मग बराच वेळ आभाळ रिकामं. सिरीलकाका परसाच्या मध्यभागी उभा, हातात डबा, डोळ्यांतून पाणी वाहतंय ते उजेडानं म्हणू. मी भिंतीशी कोपरं टेकून. मला वाटायला लागलं की केरेमान्स बरोबर होता.

आणि मग तो आला. कारखान्याच्या बाजूनं, एकटा, खूप खालून. एक वळसा घेतला, दुसरा घेतला आणि छपराच्या टोकाला बसला. छाती धपापतेय. खुराड्याची झापड हातभर अंतरावर, आणि निळ्या बसून राहिला. काकानं डबा हलवला. जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढला, जो तो कोळशाच्या कोठीशी काढायचा. निळ्यानं मान वाकडी केली.

त्याच वेळी फाटक कुरकुरलं.

मालकिणीनं समारंभ चालू असतानाच तिला मोकळं केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ती एक ट्राम आधी आली. उंच झाली होती, बापासारखी. करड्या रंगाचा इंग्लिश कोट, डोक्याला रुंद काठाची टोपी, तिला लाल फीत. एका हातात पिशवी. तोंड उघडलं होतं तिनं, काहीतरी म्हणणार होती.

सिरीलकाकानं मागं न बघता हात वर केला.

मी हे लिहितोय तेव्हाही मला वाटतं, तो हात त्यानं नाही केला. तो आपसूक गेला. कुऱ्हाड पडताना डोळा मिटतो तसा. त्यानं ओळखलं ती कोण आहे. कारण मग त्यानं हळूच मान फिरवली, तिच्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की त्या माणसाला दात आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. पण हात वरच. दुसऱ्या हातानं, डबा धरलेल्या, त्यानं आपल्या डोक्याकडं खूण केली. टोपी. पाखरू लाल फितीला बिचकतंय, टोपी काढ.

इर्मानं टोपी काढली.

खांब होऊन उभी राहिली ती. याच गल्लीत वाढलेली पोरगी, तिला कोणी शिकवायला नको. निळ्या वर, बाप मधे, लेक फाटकात, आणि भिंतीपलीकडं मी. कोणी हलेना. वाऱ्यानं तिच्या कोटाची कड हलायची तेवढीच. काका परत छपराकडं बघायला लागला. ती त्या हाताकडं बघत होती. मला तिचा चेहरा दिसत होता, काकाला नाही. रागाचा नव्हता. एखादं जुनं कपाट उघडावं आणि आतली प्रत्येक वस्तू आपण ठेवली तिथंच सापडावी, तसा होता.

मग तिनं पिशवीतून एक कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं, फाटकाच्या खांबावर ठेवलं. आणि मागं सरकली. टाच न वाजवता, फाटक न वाजवता, पाखराला कळणार नाही अशी. अगदी लहानपणी शिकवलं होतं तशी.

काकानं डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघितलं. माझ्याकडं वळून, ओठ न हलवता, कुजबुजला, "बघितलंस? आडोशाला गेली. विसरली नाही माझी पोर."

मी मागच्या दारानं निघालो आणि बोळातून पळत ट्रामच्या थांब्याशी गेलो. ती तिथं उभी होती, टोपी अजून हातात. लीर गावाकडून येणाऱ्या ट्रामची वाफ वळणावर दिसत होती.

"इर्मा, थांब. आत्ता शिरेल तो. मग बाबा मोकळाच आहे."

"कामील ना तू? जाड झालास." ती हसली. "शिरेल रे. बाबाची पाखरं शिरतातच."

"टेबल मांडून बसलाय तो सकाळपासून. मनुक्यांचा पाव आणलाय."

ती म्हणाली, "आई शेवटी तापात होती ना, तेव्हा खोलीत मोठ्यानं बोलू द्यायची नाही मला. म्हणायची, श्श, बाबानं हात वर केलाय. तीन दिवस. मी तेव्हा ठरवलं होतं, कधी गेलेच, तर फाटकातून हाक मारत आत जायचं. मोठ्यानं. सगळी पाखरं उडाली पाहिजेत. ट्राममधे पाठ करत आले होते." मग म्हणाली, "आणि त्यानं हात वर केला तर मी टोपी काढली."

ट्राम आली. मी तिच्या पिशवीला हात घातला, तिनं ती हळूच सोडवून घेतली.

"रागावून चाललीस असं सांगू का त्याला?"

"नाही रे. सांग, आता हात खाली केला तरी चालेल."

ती चढली. खिडकीत बसली नाही, पलीकडच्या बाजूला बसली.

मी परत आलो तर सिरीलकाका फाटकात उभा. दोन्ही हातांत निळ्या, तळव्यावर छाती, अंगठा पंखांवर. गल्लीत वर बघतोय, खाली बघतोय. पायात लाकडी जोडे, ते एरवी पाखरांच्या वेळी तो घालायचा नाही.

"कामील, शिरला बघ. स्वतःहून शिरला. कुठं थांबलीय ती? इर्मा! ये आता, ये!"

गल्लीतल्या बायांनी दारं उघडली, आणि काय झालंय ते बघून हळूच परत लावली.

मी सांगितलं. जसं ती बोलली तसं. आईच्या तापाचंही सांगितलं, ते सांगू नये असं क्षणभर वाटलं, पण निरोप अर्धा द्यायचा नसतो. त्यानं निळ्याला माझ्या हातात दिलं आणि ट्रामच्या दिशेनं पळत सुटला. पळता येत नव्हतं त्याला. लाकडी जोड्यांचा तो आवाज गल्लीभर बराच वेळ येत राहिला, मग थांबला. पुडक्यात मेलनीकाकूची शाल होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं अँटवर्प पालथं घातलं. स्टेडियम, खंदक, हॉटेलं. जगभरची माणसं होती तिथं, त्यात कोणाच्या घरी इस्त्री करणारी एक मुलगी कशी सापडणार. धक्क्यावर पोचला तेव्हा इंग्लंडची बोट स्केल्डे नदीच्या वळणाला लागली होती. ती तिच्यात होती की नव्हती, देव जाणे.

केरेमान्सनं मोठ्या मनानं गुत्त्यात जाहीर केलं की त्या दिवसाच्या पाखरांत निळ्याचा मान पहिला. काका आला नाही. त्याच आठवड्यात त्यानं मला बोलावलं, परसाचं फाटक काढून टाकायला सांगितलं. बिजागऱ्या उपटून मी भोकं चुन्यानं बुजवली. कबुतरं त्यानं पुन्हा वाढवली नाहीत. रविवारी पाखरं यायच्या ऐन वेळी त्याच्या दोरीवर चादरी फडफडायच्या, आणि गल्ली त्याला काही म्हणायची नाही.

इर्मा दर नवीन वर्षाला कार्ड पाठवायची. तिकडेच एका माळ्याशी लग्न झालं तिचं. काका उत्तर लिहायचा: फाटक काढलंय. परत पुढच्या वर्षी तेच.

निळ्याला मात्र तो टोपलीत घालून महिन्यातून एकदा ट्रामनं अँटवर्पला न्यायचा, इंग्लंडची बोट लागायची त्या दिवशी. बोट रिकामी झाली की धक्क्यावरून त्याला सोडायचा आणि मग स्वतः ट्रामनं घरी यायचा. केरेमान्सनं एकदा विचारलं, "अरे बाबा, पाखरू पोचतं तेव्हा घरी कोणीच नसतं. हे उलटं झालं सगळं."

"मी पोचतो तेव्हा घरी कोणीतरी असतं," काका म्हणाला.

एकदा मी गेलो होतो त्याच्याबरोबर. भर उन्हाळा. बोट धक्क्याला लागली आणि गर्दीतल्या सगळ्यांनी हात वर केले, हलवायला लागले, रुमाल, टोप्या, एका बाईनं तर तान्हं मूलच उंच धरलं. वरूनही सगळे हात हलवतायत. सिरीलकाका तेवढा कोटाच्या खिशात दोन्ही हात घट्ट खुपसून उभा. घाम निथळत होता. मी म्हणालो, "काका, हात करा की, असली तर तुम्हाला कशी ओळखेल?"

त्यानं मान हलवली आणि हात आणखी खाली खुपसले.